इतिहास उपसमितीचा एकुलता एक सदस्य

पुढाऱ्यांवर चिडण्यात माझा हात धरणारा आमच्या गावात कुणी नाही, अशी माझी ठाम समजूत होती. गाव दोंडाईच्यापासून सहा मैलांवर. मी मूळचा जळगावचा, या गावच्या हायस्कुलात इतिहास शिकवायला आलेलो. शाळा सुटली की मी कापडाच्या दुकानाच्या ओट्यावर बसून देश चालवायचो. दुकान एका मारवाडी शेठजींचं. पेपर त्यांचा, चहा त्यांचा, ओटाही त्यांचाच. राग तेवढा माझा.

चिडायला कारणं होती. गाव आणि डांबरी सडक यांच्यामध्ये एक नाला होता. त्यावर पूल होणार म्हणून तीन निवडणुकांच्या आधी तीन कोनशिला बसवल्या गेल्या. पूल आला नाही. कोनशिलांवर बायका गोधड्या आपटत, एवढाच त्यांचा उपयोग. दर निवडणुकीला आमच्या तोंडाला पानं पुसली जायची आणि पुढच्या निवडणुकीला आम्ही पुन्हा तोंड पुढं करायचो. शेठजी म्हणायचे, "गुरुजी, या शिला एकावर एक ठेवल्या असत्या तरी निम्मं पाणी ओलांडता आलं असतं."

पुलावरून वाद हमखास इतिहासावर जायचा. स्वातंत्र्य कुणामुळं मिळालं? तुरुंगात गेलेल्यांमुळं, फासावर गेलेल्यांमुळं, की इंग्रजच लढाई करून थकला म्हणून? मी नाकानं कांदे सोलत सांगायचो, "खरा इतिहास लिहिलाच गेला नाही. पुढाऱ्यांनी आपापल्या सोयीचा लिहून घेतला. माझ्या हातात लेखणी आली असती तर दाखवलं असतं!" घरी येऊन हेच बायकोला ऐकवलं की ती म्हणायची, "तुमचा राग बशीत ओतून फुंकर मारली की निवतो." मला वाटायचं, हिला राजकारणातलं काही कळत नाही.

आणि मग लेखणी माझ्या हातात आली.

बहात्तर साली स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं होत होती. चळवळीत भाग घेतलेल्यांची नावं कोरलेला एक दगड चावडीसमोर बसवायचं ठरलं. गावातलं माणूस न् माणूस अहिराणीत म्हणालं, "आखो एक दगड?" म्हणजे आणखी एक. पण आमचे पुढारी उत्साहात होते. तीनही कोनशिला त्यांच्याच हस्ते बसलेल्या. ओट्यावर ज्यांचा मी रोज उद्धार करत असे ते हेच. ते एका सकाळी थेट माझ्या घरी आले, माझ्या एकुलत्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "गुरुजी, इतिहासाचा तुमच्यासारखा जाणकार अख्ख्या तालुक्यात नाही. नावांची यादी तुम्हीच करायची. इतिहास उपसमितीचे तुम्ही अध्यक्ष."

"सदस्य कोण कोण?" मी विचारलं.

"तुम्हीच."

हरभऱ्याच्या झाडावर चढायला मला शिडीसुद्धा लागली नाही. बायकोला मी डोळ्यांनी खूण केली: फुलांच्या नक्षीच्या कपबश्या काढ. त्या कपबश्या आम्ही तिच्या माहेरच्यांनाही देत नसू.

जाताना पुढाऱ्यांनी चावडीचं एक जुनं दप्तर ठेवलं. बेचाळीस साली त्यांचे वडील गावचे पोलीस पाटील होते. त्या साली चावडीवर तिरंगा लागला होता, एवढं गावात सगळ्यांना माहीत होतं. तो वडिलांनीच आतून लावू दिला, किंबहुना लावलाच, असं पुढाऱ्यांचं म्हणणं. आतून म्हणजे कसा, हे मी विचारलं नाही. चाचणीत सनावळी चुकली तर मी पोरांचे दोन गुण कापायचो. पुढाऱ्यांचा अख्खा पेपर मी न तपासताच पास केला.

मी आठवडाभर शाळेच्या व्हरांड्यात टेबल टाकून बसलो. नाव, कार्य, तारीख, पुरावा, साक्षीदार असे रकाने स्वतः आखले. त्या रकान्यांचा मला फार अभिमान होता.

तिसऱ्या दिवशी अक्का आल्या. गावाच्या खालच्या आळीत एकट्या राहायच्या, शेतमजुरीला जायच्या. टेबलासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "गुरुजी, दगडवर नावं लिखनार शेतस म्हने. मन्हा मालकनं बी लिखी ल्या. झेंडा त्यासनी लावा व्हता."

झेंडा लावायला त्यांच्या मालकांनी चावडीच्या विहिरीचा दोर सोडून घेतला होता. सकाळी पाटलांनी त्यांना धरलं. झेंड्याचं वर कळवलं असतं तर फौजदार गावात आला असता आणि पाटलांचीच चौकशी झाली असती. म्हणून दप्तरात लिहिलं गेलं, दोर चोरला. चोर म्हणून त्यांना चावडीसमोर मारलं. मालक पुढं सात-आठ वर्षं जगले, पण गावात त्यांचं नाव दोरचोरच पडलं, आणि मालक गेल्यावरही भांडणात बायका अक्कांना तेच ऐकवायच्या.

"पेन्शन नको, काई नको," अक्का म्हणाल्या. "मन्हा मालक चोर नही व्हता, इतलंच लिखा."

मी पेनचं टोपण काढलं. "नाव काय त्यांचं?"

अक्कांनी पदर तोंडाशी नेला. नवऱ्याचं नाव बायकोनं घ्यायचं नाही, तो गेला तरी नाही. माझ्या आईनंही वडिलांचं नाव कधी घेतलं नव्हतं, तेव्हा मला ही रीत ठाऊक नव्हती असं नाही. अक्कांनी वेशीकडे हात केला. "त्या देवनं जे शे, तेच."

गावाच्या त्या अंगाला दोन देवळं होती. शाळेच्या शिपायाला विचारलं असतं तर नाव अर्ध्या मिनिटात कळलं असतं. पण मी अध्यक्ष होतो. म्हणालो, "अक्का, इतिहासात मोघम चालत नाही. बरं, तारीख?"

"तारीख माले काय माहीत? त्या दिन बाजार व्हता."

"साक्षीदार?"

"बठ्ठा गावनी देखं."

"सगळ्या गावानं पाहिलं, तर त्यातले दोघं घेऊन या," मी म्हणालो, आणि रकान्यात लिहिलं: नाव सांगण्यास नकार. तारीख नाही. पुरावा नाही.

साक्षीदार आले नाहीत. दोन म्हाताऱ्यांनी अक्कांना सांगितलं म्हणे, आता काय फायदा. पण त्याच संध्याकाळी ओट्यावर शेठजींनी पेपर खाली ठेवला आणि हळूच म्हणाले, "गुरुजी, खरं आहे ते. मी तेव्हा विशीत होतो. याच ओट्यावरून पाहिलं. मार फार बसला त्याला."

"मग सही करता?"

त्यांनी गल्ल्यावरून रस्त्याकडे पाहिलं. "मला इथंच दुकान चालवायचंय, गुरुजी."

म्हणजे आता मला खरं काय ते कळलं होतं. एकीकडे एका अडाणी बाईचं म्हणणं आणि एका घाबरलेल्या माणसाची कबुली. दुसरीकडे लेखी दप्तर. मी रात्रभर तळमळलो वगैरे लिहायला मला आवडलं असतं. मी छान झोपलो. लेखी पुराव्यापुढं तोंडी पुरावा टिकत नाही हे बी.एड.ला शिकलो होतो, आणि त्या ज्ञानाचा माझ्या भित्रेपणाला इतका चांगला उपयोग पूर्वी कधी झाला नव्हता. अक्का त्यानंतर दोनदा भेटल्या. "लिखं का?" विचारायच्या. "बघतो," मी म्हणायचो. आमच्याकडे मोठ्या माणसानं ‘बघतो’ म्हटलं की काम झालं असं गरीब माणूस समजतो, हे मला चांगलं माहीत होतं.

पंधरा ऑगस्टला दगडावरचं फडकं निघालं. सगळ्यांत वर पुढाऱ्यांच्या वडिलांचं नाव, चावडीवर ध्वज फडकविणारे म्हणून. ते वाक्य माझं. खाली आठ नावं, त्यांतली चार खरी असावीत. तळाला बारीक अक्षरांत ‘इतिहास संकलन’ आणि माझं संपूर्ण नाव, बी.ए., बी.एड. पदव्यांसाठी जागा पुरत नाही असं पाथरवट म्हणत होता. मी स्वतः उन्हात उभं राहून पुरवून घेतली होती.

भाषणं संपली. आठ नावांची आठ घरं दगडाभोवती जमली, आपापल्या नावावर कुंकू लावू लागली. गर्दीतून अक्का आल्या. ओंजळीत कण्हेरीची फुलं. "गुरुजी, कोनतं शे त्यासनं? मन्हं बोट ठेवा त्यावर."

पुढारी चार पावलांवर उभे होते. वरच्या ओळीवर बोट ठेवायची सोय नव्हती. मधल्या प्रत्येक ओळीला मालक होता आणि तो तिथं हजर होता. सांगायचं एकच वाक्य होतं: अक्का, तुमच्या मालकांचं नाव इथं नाही. ते वाक्य घशाशी आलं आणि मी ते मुगासकट गिळलं. अक्कांचं बोट धरलं आणि ज्या ओळीवर कुणाचीच गर्दी नव्हती त्या ओळीवर ठेवलं. तळाच्या.

त्यांनी ती कोरलेली अक्षरं सावकाश चाचपली. पार बी.एड.पर्यंत. "लांब शे," म्हणाल्या.

"पूर्ण नाव आहे ना, अक्का."

त्यांनी फुलं वाहिली आणि माझ्या नावावर डोकं टेकलं. मग डोळे पुसत मला म्हणाल्या, "तुमनं भलं होवो." मी घरी गेलो आणि बायकोला काही सांगितलं नाही. पुढाऱ्यांवर ओट्यावर बोलायचं मात्र मी दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू केलं, सवयच ती.

पुढच्या ऑगस्टमध्ये त्या पुन्हा फुलं घेऊन आल्या. मी शाळेच्या खिडकीतून पाहिलं. गावात ज्यांना वाचता येत होतं त्यांनाही ते दिसलं, पण अक्कांना कुणी बोललं नाही. बोलायचं तर आपण इतकी वर्षं मूग गिळून गप्प का बसलो, तेही सांगावं लागलं असतं. चौऱ्याहत्तर साली मला धुळ्याच्या एका शाळेत जागा मिळाली. पगारात फारसा फरक नव्हता. तरीही मी धावत गेलो.

मग आणीबाणी आली आणि माझ्यातला चिडका मतदार दोन वर्षं कुठं दिसला नाही. सत्त्याहत्तरच्या निवडणुकीत सगळ्यांनाच कंठ फुटला, तसा मलाही. धुळ्यात मी नव्या ओट्यावर सांगू लागलो, या वेळी लोक यांना धडा शिकवणार. तेवढ्यात निवडणुकीच्या कामाचा हुकूम हातात पडला. मतदान केंद्र: तेच गाव. मी पोटदुखीचा दाखला मिळवायला डॉक्टरकडे गेलो. त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, "मास्तर, आज सकाळपासून तुम्ही सातवे."

केंद्र माझ्याच जुन्या वर्गात होतं. मी पहिला मतदान अधिकारी. मतदाराचं नाव यादीतून शोधायचं, सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचायचं, म्हणजे कुणाची हरकत असेल तर ती घेता यावी. मग त्याच्याखाली लाल शाईनं रेघ मारायची. समोरच्या बाकावर उमेदवारांचे प्रतिनिधी, त्यांत पुढाऱ्यांचा पुतण्या.

अकराच्या सुमाराला अक्का रांगेतून पुढं आल्या. वाकल्या होत्या. मला ओळखून हसल्या. चिठ्ठी दिली. मी पान उलटलं, बोट खाली नेलं आणि थांबलो. मतदार यादीत बाईच्या नावाला नवऱ्याचं नाव जोडलेलं असतं. जे मिळत नाही म्हणून मी रकान्यात ‘नकार’ लिहिला होता ते सरकारनं स्वच्छ छापून ठेवलं होतं. दर यादीत ते असणार. ते पाहायचं मला तेव्हा सुचलं नव्हतं, असं आजही मी शपथेवर सांगू शकत नाही.

मी ते मोठ्यानं वाचलं. ते नाव इथं लिहीत नाही. अक्कांना न विचारता ते पुन्हा हाताळण्याचं मला धाडस नाही.

अक्कांनी डोळे मिटले होते. "आखो एक डाव म्हना."

मी पुन्हा वाचलं. कुणी हरकत घेतली नाही. पुतण्या खिडकीबाहेर पाहत होता.

"हाईच शे ना दगडवर?"

रांग थांबली होती. त्या वेळी मी ‘हो’ म्हटलं असतं तर कुणाचंही काही बिघडलं नसतं. का कोण जाणे, ‘हो’ म्हणवलं नाही. "नाही, अक्का. दगडावर तुमच्या मालकांचं नाव नाही. मी लिहिलंच नाही."

अक्कांनी डोळे उघडले. मग विचारलं, "मंग दर साल मी फुलं कोनले वाहस, गुरुजी?"

"मला, अक्का."

मागं कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं. मला माझी इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. तोंड लपवायला काम बरं म्हणून मी लाल पेन उचललं आणि यादीवर वाकलो. तोच अक्कांनी माझं मनगट धरलं. मजुरीचा हात, घट्ट बसला.

"हाई तरी खोडू नका."

"खोडत नाही, अक्का. नावाखाली रेघ ओढायची असते. सगळ्यांच्याच ओढतो."

त्यांनी मनगट सोडलं नाही. माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा असं त्यांना आता काही कारण नव्हतं. त्या टेबलावर ओणव्या झाल्या आणि रेघ नावाच्या खालून पूर्ण जाईपर्यंत तिच्यावर नजर ठेवून तशाच उभ्या राहिल्या.