ड्रायरचा सेन्सर आणि बाबांच्या चादरी

मंडळी, आज फार दमलेय, तरी लिहिते.

माझे सासरे पुण्याहून आमच्याकडे जयनगरला आलेत. ते अंथरुणालाच खिळलेत, त्यामुळे रोज दोन-तीन चादरी धुवाव्या लागतात. इथे आठवडाभर ऊन नाही, म्हणून सगळी भिस्त ड्रायरवर. आज तो जरा फिरायचा आणि बंद पडायचा.

दुरुस्तीवाल्याला फोन केला. "मॅडम, परसों देखता हूँ."

शेवटी प्लग काढून मीच मागचं झाकण उघडलं. तापमानाचा सेन्सर काढून मल्टिमीटर लावला आणि हेअर ड्रायरने त्याला गरम हवा दिली. मीटरवरचा आकडा बदलायला हवा होता, पण तो आधीपासूनच तापल्यावर दिसतो तसा होता आणि ढिम्म हलला नाही. म्हणजे ड्रम गार असतानाच मशीनला वाटत होतं की आपण तापलोय! नवा सेन्सर मागवला, तोही परवाच येणार.

हे सांगायला बाबांकडे गेले, तर उशाजवळचा तांब्या भरलेलाच.

"बाबा, सकाळपासून पाणी नाही प्यायलात?"

"राहू दे गं. मशीन बंद आहे ना? उगाच चादर ओली झाली, तर तू वाळवणार कुठे?"

मी तिथेच त्यांच्या पलंगावर बसले. भांडं भरून त्यांच्या हातात दिलं. "घरभर दोऱ्या बांधीन मी. तुम्ही प्या."

ते दोन घोट पिऊन थांबले. मी उठत नाही म्हटल्यावर सगळं प्यायले.

तुमच्या घरातलं कुणी असं गुपचूप तहान मारत नाही ना? आज एकदा विचारा.