शेजारच्या वर्गातली सदतीस नंबर

कमवा-शिका योजनेत मी आमच्याच विभागाच्या कार्यालयात रोज दोन तास काम करते. या आठवड्यात कामाची वेळ बदलली आणि नेमकी माझ्या तासावर आली. वर्ग शेजारचाच. मधलं दार कायमचं बंद, त्याला फायलींचं कपाट लावलेलं. सरांचा आवाज कपाटामागून येतो, पण वाक्यं लागत नाहीत. हात संगणकावर मुलांची हजेरी भरत असतात, पाय टेबलाखाली स्वस्थ बसत नाहीत. इथे बसलं की तिथलं बुडतंय असं वाटतं, वर्गात बसलं की इथले कागद आठवतात. मी नक्की असते कुठे, कोण जाणे!

आज तास संपताना सरांनी हजेरी घेतली. आकडे मात्र स्पष्ट ऐकू येत होते. पस्तीस, छत्तीस, सदतीस.

"हजर, सर!" मी खुर्चीतून अर्धी उठलेच.

समोरच्या टेबलावरच्या शिंदेबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "अगं, आम्हाला दिसतेयस की तू. बस."

पलीकडे सर अडतीसवर गेले होते.

थोड्या वेळानं हजेरीचा तो कागद माझ्याच टेबलावर आला. सदतीससमोर मी 'गैरहजर' भरलं, आणि खाली, नोंद करणाऱ्याच्या जागी, माझी सही केली.