दोनशे दहा ग्रॅम

मार्चमधला दुसरा शनिवार, सकाळी साडेदहा. नष्ट करायचा माल: गांजाची वाळलेली औषधी फुलं, सहा किलो सहाशे दहा ग्रॅम. हजर: मी, एक पोलिश सहकारी आणि शिफ्टच्या प्रमुख बाई. नोंदपत्रावर हे याच क्रमाने लिहावं लागतं, म्हणून इथेही तसंच लिहिलं.

आधी मी गाड्यांच्या सुट्या भागांचे आकडे तपासायचो. गेली चार वर्षं जर्मनीतल्या या बिनखिडक्यांच्या हॉलमध्ये फुलांचे तपासतो. त्या दिवशीच्या फुलांना ना बुरशी होती ना कीड. त्यांच्यात औषधाचं प्रमाण लेबलवर छापलेल्या मर्यादेच्या वर गेलं, एवढंच. असा माल दळायचा, ओल्या मातीत कालवायचा आणि तिघांनी सह्या करायच्या. कायदा मध्यंतरी सैल झाला, आमच्या कंपनीचे नियम झाले नाहीत.

मला घाई होती. सासूबाईंची नागीण बरी झाली, पण बरगडीतला ठणका राहिला. डॉक्टरांनी त्यांना हीच फुलं लिहून दिली आहेत. रोज संध्याकाळी छोट्या यंत्रातून वाफ घेतात. त्या त्याला वाफाराच म्हणतात. शुक्रवारी डबी संपली. नवी डबी शनिवारी सकाळी आपोथेकेत, म्हणजे औषधांच्या दुकानात, येणार होती आणि दुकान एकला बंद होणार होतं. प्रिस्क्रिप्शनचा मूळ कागद माझ्या पाकिटात, पाकीट आणि फोन बाहेरच्या लॉकरमध्ये. आत फक्त बिनखिशाचा पांढरा डगला.

काट्यावर आकडा आला सहा किलो चारशे.

"दोनशे दहा कमी आहेत," मी म्हणालो.

सहकाऱ्याने डोळे मिटले. "बोललाच नसतास तर? वाळलं म्हणून लिही."

"ते आधीच वाळलेलं आहे. गुरुवारी तोललं तेव्हापासून बंद पिंपात आहे, दोन दिवसांत एवढं घटत नाही."

"गेनाऊ," अगदी बरोबर, असं बाई म्हणाल्या आणि त्यांनी दळणयंत्र थांबवलं.

पन्नास ग्रॅमच्या वर फरक आला, की तो सापडेपर्यंत हॉलमधून कोणी बाहेर जायचं नाही. मी बाईंना घरची अडचण सांगितली. गळ्यातली लॉकरची किल्ली निदान बाहेरच्या पहारेकऱ्याला देऊ द्या, तो माझ्या बायकोला फोन करेल, ती येऊन कागद नेईल.

"बाहेर काहीच जायचं नाही, किल्लीसुद्धा," त्या म्हणाल्या. "वाक्य तुझंच आहे."

खरं होतं. नियमावलीचं ते पान मीच लिहिलं होतं.

काटा प्रमाण वजनांनी तपासला. फळ्या, जाळ्या, फरशीचे कोपरे पाहिले. बारा वाजून वीस. पिंप उघडंच होतं आणि त्याचा वास आता घशात बसला होता. सासूबाईंना संध्याकाळी अर्धा ग्रॅम लागतो. उभ्या उभ्या हिशेब केला: समोर त्यांच्या पस्तीस वर्षांच्या संध्याकाळी होत्या. एक वाजला तेव्हा मी घड्याळाकडे पाठ केली.

दीडला गुरुवारचं कॅमेऱ्याचं चित्रण आलं. पडद्यावर माझे हात दिसले. मी पिंप काट्यावर ठेवत होतो, झाकणासकट. आज झाकण काढून फळीवर ठेवलं होतं, तेही मीच. झाकण तोललं. दोनशे दहा.

"अभिनंदन," सहकारी म्हणाला. "चोर सापडला."

घरी पोचलो तर बायको दारातच. "अहो, सहा फोन केले." मग तिने माझे रिकामे हात पाहिले.

सासूबाई कोचावर, बरगडीशी उशी घट्ट धरून.

"जावईबापू, किती टाकलंत आज?"

"सहा किलो चारशे."

"आणि खिसा नसतो ना तुमच्या त्या डगल्याला?"

"नसतो."

"असता तरी तुम्ही काय आणणार होतात म्हणा."

ही शाबासकी होती की टोमणा, मला अजून ठरवता आलेलं नाही. रविवार संपेपर्यंत त्यांनी पाठ टेकली नाही, बसूनच राहिल्या. मी शेजारी बसून राहिलो. त्याचा त्यांना काही उपयोग नव्हता.

सोमवारी सकाळी त्या स्वतः माझ्याबरोबर गाडीतून आपोथेकेत आल्या, काउंटरला धरून उभ्या राहिल्या. डबीवरच्या लेबलवर आमच्याच हॉलचा क्रमांक होता. विमावाल्यांनी खर्च आधीच नाकारलेला. दहा ग्रॅम, ब्याण्णव युरो चाळीस सेंट. दिले: मी, रोख. घेतले: आपोथेकेतल्या बाईंनी. हजर: सासूबाई.