पुसलेला खोकला

बाबांच्या आवडत्या इंग्रज संचालकाच्या वाद्यवृंदाची जुनी ध्वनिमुद्रणं साफ करून नव्यानं निघाली, म्हणून मी ती लगेच मागवली आणि स्पीकर त्यांच्या पलंगाशी ठेवला. खरखर गेली होती. व्हायोलिनं लख्ख ऐकू येत होती.

संथ भाग संपताना बाबा म्हणाले, "अगं, इथे श्रोत्यांतला एकजण खोकायचा. कुठे गेला?"

"काढला असेल. बरं झालं की!"

"बरं काय? त्या खोकल्यापुरताच उरला होता बिचारा."

मग त्यांनाच उबळ आली. डॉक्टर आता त्यांच्या हातातला वेळ महिन्यांऐवजी दिवसांत सांगतात. मी पाठ चोळत राहिले. नको ते काढलं की काम झालं, असंच मी आजवर मानत आले.

उबळ थांबली, आणि खोलीतल्या स्वच्छ शांततेची मला भीती वाटली.