थांबवलेला लॉट

आम्ही दोघं नवरा-बायको परभणीत एकाच बियाणे कंपनीत कामाला. मी प्रयोगशाळेत, बियाण्याची उगवण तपासायला. हे गोदामावर, माल पाठवायच्या कामावर. मधे फक्त ट्रक लागायचं मोकळं मैदान. पूर्वी एखादा लॉट, म्हणजे एकत्र तयार झालेल्या पिशव्यांची थप्पी, तपासणीत नापास झाला की मी दारात येऊन ओरडायची, "अहो, ती कोपऱ्यातली थप्पी हलवू नका!" हे लांबूनच हात वर करायचे. तेवढ्यावर काम भागायचं.

मग कंपनीत ईआरपी आलं. खरेदी, तपासणी, गोदाम, विक्री, सगळ्यांचं काम एकाच सॉफ्टवेअरवर. शिकवायला पुण्याहून एक बाई आल्या होत्या. त्या जीव तोडून सांगत होत्या, की माल पाठवणाऱ्यानं हे सगळ्यांच्या आधी शिकलं पाहिजे, कारण कुणाचीही चूक असो, ती शेवटी त्याच्याच दारातून बाहेर पडते. हे मागच्या खुर्चीत चहा पीत बसले होते. म्हणाले, "बाई, बी गोदामात हाय का त्या डब्यात?" सगळे हसले. मीही हसले.

यांनी आपला पासवर्ड गोदामातल्या कॉम्प्युटर ऑपरेटरला देऊन टाकला. हे तोंडानं सांगायचे, तो भरायचा. घरी मी म्हणायची, "बसा की जरा, दाखवते. लय अवघड नाही." त्यावर यांचं ठरलेलं, "आता ह्या वयात शाळा नको बाई."

यांची थोरली बहीण पेडगावला दिलेली. आई लवकर गेली, तेव्हा तिनंच यांना लहानाचं मोठं केलं. हे तिला आक्का म्हणतात, म्हणून मीही. आक्कांची लेक त्या वर्षी बारावी झाली होती आणि तिला नर्सिंगला जायचं होतं. परभणीत आमच्याकडे राहून शिकायचं ठरलं. आम्हाला मूलबाळ नाही. यांनी पुढची खोली रिकामी केली, सुट्टीच्या दिवशी स्वतः भिंतींना रंग दिला. रंग कोणता, हे भाचीला फोन करून विचारलं होतं.

पेरणी तोंडावर आली होती. उन्हाळा कडक गेलेला, म्हणून सोयाबीनचे पास झालेले लॉटही मी पुन्हा तपासायला घेतले होते. त्यातला एक उगवणीत नापास झाला. सकाळीच मी तो सॉफ्टवेअरमध्ये थांबवला. नावापुढं लाल खूण आली. आता दारात येऊन ओरडायची पद्धत राहिली नव्हती. खूण केली की ती गोदामाला दिसते, असंच आम्हाला शिकवलं होतं.

नेमका त्या दिवशी ऑपरेटर लग्नाला गेला होता. मैदानात गाड्यांची रांग, दुकानदारांचे फोनावर फोन. झरीच्या दुकानदाराची गाडी दारात उभी होती. यांच्या डोक्यात तो लॉट पास होता, आणि आदल्या दिवसापर्यंत तो होताही. यांनी हातानं मालाचं चलन लिहिलं, हमालांना थप्पी दाखवली आणि म्हणाले, "एन्ट्री उद्या मारू."

संध्याकाळी आम्ही जेवताना भाचीच्या कॉलेजच्या पांढऱ्या ड्रेसबद्दल बोललो. कामाचं काही निघालंच नाही.

दुसऱ्या दिवशी ऑपरेटर एन्ट्री भरायला बसला, तर सॉफ्टवेअर ती घेईना. तो मला विचारायला आला. मी स्क्रीन पाहिली आणि धावतच गोदामात गेले. यांनी आधी झरीला फोन लावला. निम्म्याहून जास्त पिशव्या विकल्या गेल्या होत्या. मग यांनी पेडगावला लावला. आक्का झरीच्याच दुकानातून, आमच्या कंपनीचं नाव बघून बियाणं घ्यायच्या, हे आम्हाला ठाऊक होतं.

"आक्का, झरीहून आणलेलं सोयाबीन पेरू नगंस."

"पेरून झालं की रे सकाळीच," आक्का म्हणाल्या. "का रं? काय झालं?"

यांनी फोन माझ्यापुढं केला. मी तो घेतला आणि सगळं सांगितलं.

चार-सहा दिवसांनी आम्ही पेडगावला गेलो. रानात कुठं कुठं एखादं रोप, बाकी काळी माती. आक्का बांधावर उभ्या होत्या. आमच्याशी न बोलता खाली बसल्या, बोटानं माती उकरली, फुगून कुजलेला एक दाणा काढला आणि यांच्या तळहातावर ठेवला.

"भावाच्या कंपनीचं हाय म्हणून शेजारच्या तिघींना मीच घ्यायला लावलं," त्या म्हणाल्या. "आता त्या माझ्या दारावरून जातेत, पन बोलत न्हाईत."

मग माझ्याकडे वळल्या. "एका घरात राहता तुमी दोघं. एका ताटात जेवता. तू सांगितलं न्हाईस व्हय याला?"

मी थांबवलं होतं, लाल खूण केली होती, असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्या रानात उभं राहून त्या खुणेबद्दल काय सांगणार होते मी?

कंपनीनं दुसऱ्या पिशव्या दिल्या. पण त्यानंतर पावसानं ओढ दिली आणि दुसरी पेरणी फार उशिरा झाली. शेंगा धरल्या त्या पोचट. कॉलेजचे प्रवेश सुरू झाले तेव्हा भाचीनं स्वतःच फोन केला. "मामा, यंदा राहू द्या. म्होरच्या वर्षी येईन की मी."

"तुझं सगळं मी करतो, तू फक्त ये," हे म्हणाले. मेव्हण्यांनी फोन घेतला आणि नको म्हणाले. तुमचं काही नको, एवढंच.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. मामा म्हणून हे तिच्या पाठीशी उभे राहिले. मंगलाष्टका चालू असताना मी यांच्याकडे पाहिलं, तर हातातल्या अक्षता टाकायच्या तशाच राहिल्या होत्या.

त्याआधीच, दिवाळी झाल्यावर, हे एकदा आपणहून प्रयोगशाळेत माझ्या शेजारी येऊन बसले होते. "शिकव," म्हणाले. मग रोज कामाच्या आधी यायचे. एकेक अक्षर कीबोर्डवर शोधत बसायचे, चुकायचे, ओशाळायचे. असेच एकदा शिकता शिकता त्यांनी स्वतः तो लॉट उघडला. लाल खूण अजून तशीच होती, आणि शेजारी मी ती केल्याची वेळ. गाडी निघायच्या पुष्कळ आधीची.

"तू तर सकाळीच थांबवलं व्हतंस."

"हो."

"मी निस्तं उघडून बघायला पायजे व्हतं."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. गोदामात कधी आवाज न चढवणारा माणूस माझ्यासमोर हुंदके देत होता, आणि बाहेर हमाल गाडी भरायला त्यांना हाका मारत होते.

आता गोदामावर नवीन माणूस आला की हेच त्याला ईआरपी शिकवतात. कुणी तरी विचारतंच, आपलं काम माल पाठवायचं, आपल्याला हे कशाला? त्यावर हे नोकरीच्या, पगाराच्या, पुण्या-संभाजीनगरच्या मोठ्या कंपन्यांच्या गोष्टी सांगतात. ते खरंही आहे. पेडगावचं मात्र सांगत नाहीत. लॉटची खूण बघितल्याशिवाय पिशवीला हात लावायचा नाही, एवढं सांगताना त्यांचा आवाज कापतो, आणि शिकणाऱ्याला वाटतं, साहेब रागीट आहेत.

आक्का आता बोलतात. भाऊबिजेला ओवाळतात, पुरणपोळी वाढतात. आधीसारखं भांडत तेवढ्या नाहीत. भाची सेलूकडे असते, तिला एक मुलगी आहे. ती अधूनमधून फोन करते, मामाशी हसून बोलते, लेकीच्या गमती सांगते. हेही हसतात. फोन ठेवला की उठून अंगणात जातात आणि बराच वेळ आत येत नाहीत. मी हाक मारत नाही.