गार इंजिन

रक्त घ्यायला आलेल्या मुलीने हातावर स्पिरिटचा बोळा फिरवला की मला बाबांचं इंजिन आठवतं. रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी ते वीतभर लांबीचं वाफेचं इंजिन पितळेतून घडवलं होतं. खाली स्पिरिटचा दिवा लावायचा, वाफ धरली की ते धायरीतल्या आमच्या हॉलमध्ये गोल रुळांवर फिरायचं. पुढे बाबांचे हात थरथरायला लागले, स्पिरिट फरशीवर सांडायला लागलं. मग ऑफिसातून दमून आल्यावर मी रोज थोडं थोडं करत ते अपग्रेड केलं. बॉयलर काढून मोटर, बॅटरी आणि शिट्टीचा स्पीकर बसवला. वाढदिवसाला त्यांच्या हातात रिमोट दिला. इंजिन शिट्टी देत तीन फेऱ्या फिरून थांबलं, तसे बाबा वाकले आणि जुन्या सवयीने त्यांनी पंजाची मागची बाजू त्याला लावून बघितली. "पळतं छान," ते म्हणाले, "पण गार आहे रे." "अहो बाबा, तुमच्यासाठीच केलं ना," मी वैतागून म्हणालो. नंतर मात्र बाबा असेपर्यंत त्यांना सांगत राहिलो की येत्या रविवारी बॉयलर परत बसवतो. तो अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, जुन्या चार्जरांखाली.