थोरलीची कात्री

थोरलीला कॅन्सरनं जेवढं जाळलं नसेल, तेवढं धाकट्या जावेनं जाळलं. दोघींचं शाळेच्या गणवेशांचं दुकान. थोरलीनं बेतायचं, कापायचं आणि धाकटीनं शिवायचं, ही वीस वर्षांची वाटणी. थोरली डावखुरी, आणि छातीचं ऑपरेशन झालं तेही नेमकं डाव्याच बाजूचं. उपचार संपले, डॉक्टरांनी बरी झालात म्हणून सांगितलं, पण हात काही खांद्याच्या वर जाईना. रोज चाला, बोटं भिंतीवरून वर सरकवत न्या, असं व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं. ही भिंतीकडे पाठ करून पडून राहायची. नवऱ्यानं विनवण्या केल्या, लेकीनं धाक घातला. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

मग एके दिवशी नवरा सहज बोलून गेला, की कापायचं टेबल आता धाकटी सांभाळते आणि गिऱ्हाइकांची काही तक्रार नाही. झालं, बाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. जिला साधी सरळ रेघ मारता येत नव्हती, ती आपल्या जागी, आपली कात्री हातात घेऊन उभी. मी आजारी पडायचीच वाट बघत होती मेली, असंही तिच्या मनात आलं, आणि त्याची तिला लाजसुद्धा वाटली नाही.

त्याच दुपारी ती भिंतीपुढे उभी राहिली. बोटं पोचली तिथं खडूनं खूण केली. दुसऱ्या दिवशी खूण बोटभर वर. काखेत ताण बसला की डोळ्यांत पाणी यायचं. मग टेबलापाशी मिरवणारी धाकटी आठवायची आणि हात आणखी थोडा वर चढायचा. चालायचीही रोज, आधी जिन्यापर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत. घरच्यांना वाटलं, बाईला जगायची उमेद आली. उमेद कसली, जावेचं बरं चाललेलं बघवत नव्हतं.

तीन महिन्यांनी ती चार गल्ल्या चालत दुकानात गेली. धाकटी कापत होती. थोरलीनं हात पुढे केला. धाकटीनं कात्री दिली, तेव्हा तिच्या अंगठ्याला बांधलेली पट्टी दिसली आणि शेजारी जुने घट्टे. ती कात्री डावखुऱ्यांची. उजव्या हाताला चावते, खडूची रेघही नीट दिसू देत नाही. एवढे महिने ही बया त्याच कात्रीनं कापत होती.

"दुसरी का नाही घेतलीस?"

"दुसरी आणली असती तर टेबल माझं झालं असतं, ताई," धाकटी म्हणाली. "मग तुम्ही आलाच नसता."

थोरलीला रडू आलं आणि रागही आला. कापण्यात नाही, तर चांगुलपणात तरी ही पुढे जायचीच होती. तिनं कापड ओढलं आणि हात लांबवून पहिला काप घेतला. तो जरा वाकडा गेला. धाकटीनं पाहून न पाहिल्यासारखं केलं, तेही तिला खुपलं.

"उद्या तुझ्यासाठी उजव्या हाताची कात्री घेऊ," ती म्हणाली. "टेबलाच्या त्या टोकाला उभी राहत जा. मला दिसशील अशी."